दंडाची पावती

वनहक्काच्या फायलींमधला सगळ्यात मोलाचा कागद बरेचदा वनखात्यानं फाडलेली जुनी दंडाची पावती असतो. नाव, जागा, तारीख, ‘अतिक्रमण’. ज्या कागदानं माणसाला गुन्हेगार ठरवलं, तोच आज साक्ष देतो की हा कायद्यानं ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीपासून इथं कसतोय.

जंगलात राहून जमीन कसणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यातला मला सर्वांत प्रिय शब्द ‘मान्यता’. सरकार जमीन वाटत नाही, हक्क आधीपासून होता हे कबूल करतं. म्हणूनच जेवढी प्रत्यक्ष कसवणुकीत तेवढीच, तीही फार तर ४ हेक्टर. पट्ट्यावर, म्हणजे हक्काच्या कागदावर, नवरा-बायको दोघांची नावं. वारसांना मिळते, विकता येत नाही. विकता येत नाही ती कसली मालकी, असं विचारणारे भेटतात. मला मात्र जमीन सावकाराच्या घशात न जाण्याची ही हमी वाटते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणायचा, जमिनीत श्रम ओतले की ती आपली. वैयक्तिक दाव्याला हे चपखल बसतं, कारण बांध, सपाट केलेलं शेत, झोपडी हे सगळं पुराव्यात धरतात. पण गुरं चारणं, बांबू राखणं यात नांगर कुठाय? त्यासाठी सामूहिक दावा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला २०११ उजाडलं. दोन वर्षं हक्क कागदावर आणि बांबू रानात!

दावे फसतात ते साध्या गोष्टींत. पुरावा एकच जोडलेला असतो, लागतात एकाहून अधिक. पावती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, फक्त तो स्वतः दावेदार नको. ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया. उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसलं नाही एवढ्यावर दावा नाकारता येत नाही. ते छायाचित्र पूरक, बाकीच्या पुराव्यांची जागा घेणारं नाही. नकाराविरुद्ध ६० दिवसांत दाद मागता येते, पण नकार कारणांसह दावेदाराच्या हाती पडला तर ना! फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नाकारलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला आणि पंधरवड्यात स्थगितही केला, तेव्हा कित्येकांना आपला दावा फेटाळलाय हेच ठाऊक नव्हतं.

त्या पावत्यांची शाई उडत चाललीय. आधी झेरॉक्स काढावी, मग दावा ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीकडे द्यावा आणि पोच हातात पडल्याशिवाय उठू नये.