डबल बेल

डिसेंबरातली सकाळ. कर्वे रस्त्यावर माणसं कानटोप्या घालून फिरत होती, आणि माझ्यासमोर ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज सुईनं टिपून स्पीकरवर ऐकायच्या तपासणीच्या, टेबलावर आडव्या झालेल्या काकांचा बनियन घामानं चिंब. वय 62, पुण्याच्या पीएमटी बसमधून निवृत्त कंडक्टर. पीएमटीची पीएमपीएमएल 2007 सालीच झाली, पण ते पीएमटीच म्हणतात. मीही. तीन महिने झोप नाही, पायात गोळे येतात. आधी दोन ठिकाणी 'टेन्शन आहे' म्हणून झोपेच्या गोळ्या देऊन झालेल्या.

काकू म्हणाल्या, "यांचा डोळा लागला तरी पोटऱ्या हलतच असतात, मॅडम. मी टॉर्च लावून बघितलंय." ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. टेन्शनची थरथर सहसा झोपेत थांबते.

पायजमा गुडघ्यावर सरकवला. पोत्यात उंदीर शिरल्यावर पोतं हलतं, तशी पोटरीची कातडी हलत होती.

सैल सोडलेला स्नायू ईएमजीवर गप्प असतो. इथं सुई आत जाताच स्पीकर बोलायला लागला. माझा पहिला संशय मशिनवरच गेला. आमच्या खोलीचं अर्थिंग बदनाम आहे. ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, अर्थचा इलेक्ट्रोड नवा लावला. आवाज तसाच. टक-टक. थोडी शांतता. टक-टक. मधूनच टक-टक-टक.

काका छताकडे बघत म्हणाले, "डबल बेल देतंय की कुणीतरी."

हसू आलं, पण क्षणभरच. आम्ही याला डबलेट, ट्रिपलेट म्हणतो: एकच मोटर युनिट, म्हणजे एक चेतातंतू आणि त्याच्या ताब्यातले स्नायूचे धागे, लागोपाठ दोनदा-तीनदा उडतं. तेवढ्यात एक लांब 'टिंग्ग' आला, झपकन सुरू होऊन विझत गेलेला. पडद्यावर मोजलं तर सेकंदाला दीडशेच्या वर ठोके. न्यूरोमायोटोनिया: चेतातंतू आपोआप पेटत राहतात आणि स्नायूला उसंत मिळत नाही, असा आजार. 1961 साली आयझॅक्स यांनी वर्णन केलेला; मी तोवर फक्त रेकॉर्डिंगमध्ये ऐकला होता.

दुपारी चहाच्या वेळी रेसिडेंटला कागदावर चेतातंतू काढून दाखवला. वर मायलिनचं वेष्टण, मध्येमध्ये जेमतेम एक मायक्रॉनची उघडी फट. सोडियम चॅनेल त्या फटीत दाटीनं बसतात, सिग्नल तिथं पेटतो. केव्ही-1 जातीचे पोटॅशियम चॅनेल मात्र फटीत नसतात. मायलिन तंतूला घट्ट चिकटतं तो पट्टा सोडून पलीकडे, मायलिनच्या खाली झाकलेले असतात.

"झाकूनच ठेवायचे तर उपयोग काय, मॅडम?"

पोरगा हुशार आहे. सिग्नल पुढं गेल्यावर मागं पुन्हा ठिणगी पडू नये, ही त्यांची राखण. तिची खरी गरज तंतूच्या टोकाशी, जिथं मायलिन संपतं. काकांच्या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी ही राखण मोडतात, आणि रक्तातून येणाऱ्या त्यांनाही तिथंच शिरकाव सोपा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये नेमकं उलटं होतं. मायलिन गेलं की हेच चॅनेल उघडे पडतात, प्रवाह गळतो, सिग्नल अडतो. म्हणून 4-अमिनोपिरिडीननं ते बंद केले की काही रुग्णांची चाल सुधारते. काकांना तेच औषध म्हणजे आगीत तेल.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला: कॅस्पर-2 पॉझिटिव्ह. या चॅनेलांना जागेवर धरून ठेवणारं हे प्रथिन, जोडीला टॅग-1. म्हणजे काकांच्या अँटिबॉडींचा रोख चॅनेलवर नव्हताच, त्याला धरणाऱ्यावर होता. 2010 पर्यंत सगळं न्यूरॉलॉजी यांना सरसकट 'पोटॅशियम चॅनेलच्या अँटिबॉडी' म्हणत होतं. आमच्या छापील फॉर्मवर अजूनही तेच नाव आहे. मी दर वेळी खोडून हातानं लिहिते.

छातीचा सीटी स्वच्छ निघाला, या आजाराच्या मागं कधीकधी असते ती थायमस ग्रंथीची गाठ नव्हती. चेतातंतू शांत करायला कार्बामाझेपीन, स्टेरॉइड, आणि रक्तातल्या अँटिबॉडी काढून टाकायला प्लाझ्मा एक्स्चेंजच्या पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीनंतर काका सलग चार तास झोपले, तर काकूच घाबरून नर्सला बोलावून आल्या.

आठ आठवड्यांनी पुन्हा तीच पोटरी, तशीच सुई. बराच वेळ स्पीकर गप्प. मग एकदाच, टक-टक.

काकांनी मान वळवली. "वाजली ना?"

"वाजली."

कार्बामाझेपीनचा डोस कमी करायचं मनात होतं. तो तसाच ठेवला.