मानवेल, तंगूस आणि कूलरची मोटर

काल रात्री साडेबारापर्यंत काडीला रिंगा (दोरी ज्यातून ओवतात त्या) बांधत बसलो होतो. बायको दोनदा डोकावून गेली, तिसऱ्यांदा काही न बोलता चहाच ठेवून गेली. ही माझी सातवी काडी, म्हणजे मासे धरायचा रॉड. घरी फिशिंग रॉड बनवायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हे गावातले पोट्टे रोज दुकानात येऊन विचारतात म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं दुकान मोटर रिवायंडिंगचं, भंडारा जिल्ह्यात पवनीकडे. एका अंगाला वैनगंगा अन् बाकी सगळीकडे मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले अन् नाव तेवढं राहिलं. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले हे तलाव पूर्व विदर्भात साडेसहा हजारांच्या वर आहेत. धानाचं पाणी तर आहेच, पण मरळही याच तलावांत, कमळाच्या पानाखाली दबा धरून बसलेली. मरळीला गळ लागला की ती उघड्या पाण्याकडे पळत नाही, सरळ कमळाच्या देठांत घुसते अन् तिथं दोरी अडकली की खेळ खतम. म्हणजे इथं काडी अशी पाहिजे की टोक नरम असावं पण कंबर मजबूत, पहिल्या दोन सेकंदात मासोळीचं तोंड पानाबाहेर वळवता आलं पाहिजे.

मी आधी ऑनलाइन मागवलेली तयार काडी वापरायचो. तीन वर्षांखाली भर पावसाळ्यात चांगली दोन-अडीच किलोची मरळ लागली, ओढत ओढत पाळीपर्यंत (तलावाच्या बांधापर्यंत) आणली अन् दोरी कचकन तुटली. घरी येऊन पाहिलं तर वरून दुसऱ्या रिंगेतली चिनी मातीची गोल चकती निघून पडली होती अन् पत्र्याच्या उघड्या काठावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, घासत होता. मासोळी हातून गेली त्याचं दुःख नव्हतं, ती तोंडात गळ घेऊन गेली याचं होतं. दोन रात्री डोक्यातून गेलं नाही ते. तेव्हाच ठरवलं की ज्या रिंगेवर भरवसा ठेवायचा ती आपल्या हातानं बांधायची.

आमच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे एक काकाजी आहेत, तलावाचा ठेका त्यांच्याच सोसायटीकडे, त्यांना विचारल्याशिवाय मी गरी टाकत नाही. त्यांना तुटकी काडी दाखवली. त्यांनी टोक जमिनीला टेकवून वाकवून पाहिली अन् म्हणाले, "बाबू, हे काडी वाकतच नाही, मंग मासोळी तुले सांगन कशी का मी आली म्हणून? मानवेल घे. मुरमाडीतला घे, ओलाव्यातला पोकळ रायते."

शंभर टक्के खरं निघालं ते. मानवेल म्हणजे आमच्याकडचा बांबू, तो कोरड्या मुरमाड जागी वाढला की बुडाला जवळपास भरीव होतो, लाठ्या त्याच्याच करतात. साळ्याच्या शेताच्या धुऱ्यावर त्याचं बेट आहे. तीन वर्षांचा बांबू पौषात तोडला, काकाजींनी सांगितलं म्हणून तीन आठवडे तलावात बुडवून ठेवला (आतलं गोड सत्त्व निघून जातं, मग घुण कमी लागतो) अन् पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर सावलीत वाळवला. घाई केली तर बांबू नंतर वाकडा होतो अन् मग निखाऱ्यावर कितीही शेका, सरळ राहत नाही.

हे सगळं करता करता वाचायचा नाद लागला अन् एक गोष्ट कळली, तेव्हापासून मानवेलाकडे बघायची नजरच बदलली. 19व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या चांगल्या काड्या ज्या बांबूच्या व्हायच्या त्याला ते लोक कॅलकटा केन म्हणायचे, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जायचा, अन् तो म्हणजे हाच आपला मानवेल! अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी म्हणून बंदुका बनवणारा कारागीर होता, त्यानं 1840 च्या दशकात बांबू चिरून पट्ट्या चिकटवून काड्या केल्या. पुढं हायरम लेनर्डनं सहा पट्ट्यांची षटकोनी काडी बाजारात आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडोंगचा टोंकिन बांबू आला, तो जास्त सरळ, त्याच्या गाठी लहान, मग मानवेल मागं पडला. पण सुरुवात आपल्या बांबूनं झाली हे आमच्या इकडं कुणालाच माहीत नाही, ज्याला सांगतो तो बघतच राहतो.

पट्ट्यांची काडी मी दोनच केल्यात, फार वेळखाऊ काम आहे. बांबू चिरायचा, सागाच्या फळीत 60 अंशाची खाच करून त्यात पट्टी बसवायची अन् रंधा मारत त्रिकोणी करायची. रंधा फक्त आतल्या दोन बाजूंना, बाहेरच्या चकचकीत सालीला हात लावायचा नाही कारण सगळी ताकद सालीखालच्या धाग्यांत असते. अशा सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की षटकोन. पहिल्या काडीला सहा महिने लागले. बाकीच्या पाच काड्या मी तयार ब्लँकवर केल्या, म्हणजे ग्राफाइट नाहीतर फायबरची नुसती नळी विकत आणायची अन् मूठ, रीलची बैठक, रिंगा सगळं आपण लावायचं. नवीन माणसानं ब्लँकपासूनच सुरू करावं असं मला वाटतं. मला एक काडी साडेतीन ते चार हजारात पडते, त्यात रिंगा फुजी कंपनीच्या घेतो, तिथं पैसे वाचवत नाही.

रिंग कुठं बांधायची हे पुस्तकातल्या मापावर सोडू नका. आधी सगळ्या रिंगा मास्किंग टेपनं कच्च्या चिकटवा, मूठ खिडकीच्या गजाला पक्की करा, दोरी ओवून टोकाला पाण्यानं अर्धी भरलेली बाटली टांगा अन् बाजूला उभं राहून बघा. काडीच्या वाकाबरोबर दोरी वळली पाहिजे. दोन रिंगांच्या मधे दोरी वाक सोडून सरळ तिरपी जात असेल तर तिथं ताण एका जागी येतो, रिंग सरकवा नाहीतर एक वाढवा. टोकाकडे रिंगा जवळ जवळ अन् मुठीकडे लांब लांब होत जातात. माझा यातच अख्खा रविवार जातो.

आता बांधणी, म्हणजे रिंगेचा पाय दोऱ्याचे वेढे देऊन काडीला पक्का करणं. इथं माझा धंदा कामी आला. तांब्याची तार भरताना हाताला जो ताण कळतो तोच दोऱ्याला लागतो, ढिला राहिला तर रिंग हलते अन् जास्त ओढला तर ब्लँक दबतो. रिंगेचा पाय कानशीनं घासून टोकाला कागदासारखा पातळ करायचा म्हणजे दोरा पायरी न पडता त्यावर चढतो. डाव्या हातानं काडी फिरवायची, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखानं प्रत्येक वेढा आधीच्याला सरकवून बसवायचा. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा खाली धरायचा, त्यावरून वेढे घ्यायचे, टोक फाशात घालून फासा ओढून घ्यायचा, टोक वेढ्यांखालून निघून येतं अन् गाठ नसतेच. मग ब्लेडनं सफाईत कापायचं अन् चमच्याच्या पाठीनं वेढे घासायचे, फटी बुजतात. टोकाची रिंग मात्र गरम करून लावायच्या गोंदानं बसवा, उद्या बदलायची झाली तर लायटर दाखवला की निघते.

त्या दोऱ्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा लेप. रेझिन अन् हार्डनर समसमान, अंदाजानं अजिबात नाही, सिरिंजनं मोजून. मेडिकलमधल्या सिरिंजच्या रबराला सिलिकॉनचं तेल असतं, त्यानं इपॉक्सीवर खड्डे पडतात, म्हणून बिनरबराची बघा. बुडबुडे आले तर लायटरची आच लांबूनच एकदा फिरवायची, झटकन फुटतात. अन् आपल्या हवामानाचं ऐका. श्रावणात लावलं ते दुधाळ झालं अन् आठ दिवस चिकट राहिलं, सगळा दोरा कापून पुन्हा बांधला. मे महिन्यात 45 डिग्रीत कपातच घट्ट होऊन तापलं. आता मी दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच लावतो अन् कपात न ठेवता ताटलीत पातळ पसरवतो.

लावल्यावर काडी सतत फिरत राहिली पाहिजे नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून थेंब धरतं. बाहेर यासाठी मशीन विकत मिळते. माझ्या दुकानात जुन्या कूलरच्या स्विंग मोटरी पडलेल्या असतात, जाळी हलवायची ती छोटी मोटर, मिनिटाला पाच-सहा चक्कर, याच कामासाठी बनवल्यासारखी. तिच्या दांड्याला पाइपचा तुकडा, त्यात मूठ, पुढं दोन लाकडी खुंट्यांवर काडी टेकवलेली. सहा तास फिरवतो, पुढं दोन दिवस हात लावत नाही. विदर्भात कूलर नाही असं घर नाही, तेव्हा मोटरीसाठी कुणी पैसे घालवू नका.

पहिली मानवेलाची काडी काकाजींनाच दिली. पावसाळ्यात आम्ही पाळीवर उभे होतो, समोर मरळीच्या पिल्लांचा लालसर गोळा पाण्यावर वर-खाली होत होता, खाली मोठी मरळ राखणीला असणारच, एका फेकीचं अंतर. एक पोट्टा म्हणाला टाका न जी काकाजी. त्यांनी काडी खाली ठेवली. "पिल्लंवालीले हात लावाचा नाही बापा, ते गेली त हजार गेले." आम्ही पाळीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथं तासाभरानं टोक हललं, काडी मुठीपर्यंत वाकली, काकाजी दोन पावलं मागं सरकले अन् मरळ पानाबाहेर आली, दीड किलोच्या आसपास. पहिली गोष्ट काय केली असेल त्यांनी तर मासोळी पोट्ट्याच्या हाती दिली अन् काडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते बघितलं. सरळ होती.

सातव्या काडीवर आज रात्री इपॉक्सीचा हात द्यायचा आहे. हिरवा दोरा संपलाय, नागपूरला कुणी जाणार असेल तर सांगा.