इंडियानापोलिसची यू. एस. नॅशनल्स: पिटमध्ये उभं राहून पाहिलेली ड्रॅग रेस

इंजिनाचं वेड असेल आणि ऑगस्टच्या शेवटी तुम्ही अमेरिकेत असाल, तर लेबर डेच्या जोडसुट्टीत इंडियानापोलिसला या. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. त्याला लागूनच्या दिवसांत शहराच्या पश्चिमेला, ब्राउन्सबर्गच्या रस्त्यावर, यू. एस. नॅशनल्स भरते. ड्रॅग रेसिंगमधली, म्हणजे दोन गाड्यांनी सरळ पट्टीवर थोडकं अंतर कापायच्या शर्यतींमधली, ही सगळ्यात जुन्या मानाची स्पर्धा. पहिली १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर झाली, आणि १९६१ पासून ती इथेच आहे.

आम्ही इंडियानातल्याच कोलंबसला राहतो. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे, आणि त्यांचा मोठा पसारा कोथरूडला, त्यामुळे या छोट्या गावात पुण्याची माणसं भेटत राहतात. बाबा पुण्याहून आले होते. त्यांचं आयुष्य भोसरीच्या शेडमध्ये डिझेल इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात गेलं. त्यांना नायगारा दाखवायचा की हे, असा प्रश्न घरात निघाला होता. मी हे निवडलं.

आमच्याकडून आय-६५ ने उत्तरेला, मग आय-४६५ चा पश्चिमेकडचा वळसा, आणि शेवटी यू. एस. १३६, म्हणजे क्रॉफर्ड्सव्हिल रोड. हा शेवटचा टप्पा अरुंद आहे आणि सगळी गर्दी त्यावरच येते. सकाळी लवकर पोचा. पार्किंग गवताच्या मैदानात असतं, पाऊस पडून गेला असेल तर चिखलाची तयारी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तिकीट कुठलंही काढा, पिटमध्ये, म्हणजे संघ आपापल्या गाड्या उघडतात-जुळवतात त्या भागात, हिंडायची मुभा त्यातच असते. दुसऱ्या मोठ्या मोटर रेसिंगमध्ये बहुतेक ठिकाणी यासाठी वेगळे पैसे आणि ओळख लागते. इथे व्यावसायिक संघांच्या ट्रेलरसमोर फक्त एक दोरी असते, आणि दोरीपलीकडे आठ-दहा फुटांवर, आकाराच्या मानाने जगातल्या सगळ्यात ताकदवान पिस्टन इंजिनांपैकी एक उघडलेलं असतं. बरेच लोक स्टँडमध्ये जागा धरून दिवसभर बसतात. माझा आग्रह उलटा आहे. निम्म्याहून जास्त वेळ पिटमध्ये घालवा.

टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाडीचा हिशोब असा. आठ सिलिंडर, ५०० घनइंच म्हणजे जेमतेम ८.२ लिटर, मूळ रचना क्रायस्लरच्या ४२६ हेमी या इंजिनाची, आणि ताकद ११,००० अश्वशक्तीच्या वर. इंधन ९० टक्के नायट्रोमिथेन. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका किलोला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, तिथे याला पावणेदोन किलो पुरते. म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये कितीतरी पट जास्त इंधन कोंबता येतं. टायर तापवण्यापासून अंतिम रेषेपर्यंत एक गाडी चाळीस-पन्नास लिटर पिऊन टाकते. गिअरबॉक्स नाही. सगळा खेळ क्लचप्लेटींवर: त्या ठरवलेल्या वेळेने हळूहळू पकडत जातात आणि शेवटी पूर्ण चिकटतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, पण अर्ध्या वाटेतच त्यांची टोकं जळून जातात आणि पुढचं ज्वलन निव्वळ उष्णतेवर चालू राहतं. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे शेवटी डिझेलसारखंच." बरंचसं तसंच.

डिझेलचं नातं आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते मला फार आवडतं. इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला तो मोठा ब्लोअर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंबणारा पंप, १४-७१ जातीचा. त्याचं घराणं जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांचं. त्या इंजिनांत एका सिलिंडरचं आकारमान ७१ घनइंच, आणि सहा सिलिंडरच्या इंजिनावरचा ब्लोअर तो ६-७१. ट्रक-बसच्या भंगारातून हे ब्लोअर उचलून पोरांनी आपापल्या गाड्यांवर चढवले, आणि पुढे त्याचेच मोठे अवतार निघाले.

फेरी संपवून एक गाडी ओढत आणली गेली तेव्हा आम्ही दोरीला लागूनच उभे होतो. गाडी जॅकच्या स्टँडवर चढली आणि कुणी कुणाला काही न सांगता सगळे कामाला लागले. दोघं डाव्या हेडवर, दोघं उजव्या. एक जण खाली सरपटत जाऊन ऑइल सोडतोय. मागे क्लचवाला, कोपरापर्यंत काळी भुकटी. ब्लोअर उतरला, हेड उतरली, पिस्टन बाहेर आले. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची शेलं एका ट्रेवर सिलिंडरच्या क्रमाने मांडली गेली. बाबा वाकून बघत होते. मला म्हणाले, "वरची शेलं बघ, चमकलीयेत. खालची तशीच. दणका सगळा वरून बसतोय." ट्रेजवळच्या मुलाला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण म्हाताऱ्याचं बोट कुठे रोखलंय ते त्याला कळलं. त्याने हातमोज्यातच ते शेल उचललं, दोरीशी आणलं आणि उजेडात तिरपं धरलं. मधोमध, कापडाने पुसल्यासारखा, एक गुळगुळीत पट्टा. बाबांनी मान डोलावली. तोही हसला आणि परत कामाला लागला. तासाभरात ते इंजिन पुन्हा उभं होतं, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळून.

त्यानंतर ते सुरू करून बघतात, आणि इथे सावध राहा. आधी ब्लोअरच्या तोंडात बाटलीने थोडं पेट्रोल मारून इंजिन चालू करतात, मग नायट्रोवर घेतात. आवाज क्षणात बदलतो, सुटा सुटा, कडकडणारा. संघातली माणसं तोंडावर गॅस मास्क चढवतात, आणि ते विनाकारण नाही. डोळे झोंबतात, घसा आवळतो. दम्याचा त्रास असेल किंवा कडेवर बाळ असेल तर वारा कुठून वाहतोय ते बघून बाजूला व्हा. पण एकदा तरी हे जवळून बघा.

कानांबद्दल हयगय नको. फोमचे बोळे आणि त्यावर हेडफोनसारखे मफ, दोन्ही. मुलांना तर नक्कीच, आणि मफ घरून आणा. दोन गाड्या एकदम सुटतात तेव्हा कान झाकलेले असूनही आवाज अंगातून जातो. लक्ष्मी रोडवर ढोलपथकाच्या अगदी समोर उभं राहिल्यावर छातीत जे होतं, त्याच्या कितीतरी पुढचं. पावणेचार सेकंदांच्या आत १००० फूट संपतात आणि वेग ताशी ३३० मैलांच्या पलीकडे, म्हणजे ५३० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. पूर्वी या गाड्याही पूर्ण पाव मैल, १३२० फूट धावायच्या. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउनला चालक स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, आणि त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार (नायट्रोवरच धावणारा दुसरा वर्ग) यांचं अंतर १००० फुटांवर आणलं गेलं. बाकीचे बहुतेक वर्ग अजून पाव मैल धावतात.

टॉप फ्युएलमध्ये चालक इंजिनाच्या पुढे बसतो, त्यामागेही एक अपघात आहे. १९७० पर्यंत तो मागे बसायचा, दोन पायांमध्ये ट्रान्समिशन घेऊन. त्या वर्षी कॅलिफोर्नियात नावाजलेला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटला. बरा होता होता त्याने इंजिन मागे असलेली गाडी आखली, आणि १९७१ ची विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा तिच्यावर जिंकून दाखवली. काही वर्षांतच सगळे त्याच्या मागे गेले. फ्लोरिडाला गेलात तर ओकालाजवळ त्याचं ड्रॅग रेसिंगचं संग्रहालय आहे.

नायट्रोवाल्यांची गर्दी ओसरली की मागच्या बाजूला चालत जा. तिथे हौशी स्पर्धकांचे वर्ग असतात आणि माझ्या लेखी या स्पर्धेचा जीव तिथे आहे. ट्रेलर, ताडपत्रीची सावली, सोबत बायको, मुलं, कुत्रा, आणि मधोमध घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली गाडी. स्टॉक आणि सुपर स्टॉक वर्गांत १९६० च्या दशकातल्या खऱ्या मसल कार अजून धावतात. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन घातलं आणि डेट्रॉइटच्या कंपन्यांत चढाओढ लागली. पुढे विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी ती संपवली. त्या दहा वर्षांतलं काय काय टिकून आहे ते इथे चालत्या स्थितीत दिसतं.

१९६८ ची हेमी बाराकुडा किंवा हेमी डार्ट दिसली की थांबा. क्रायस्लरने या गाड्या हर्स्ट कंपनीकडून फक्त ड्रॅग रेससाठी बांधून घेतल्या, दोन्ही मिळून दीडशेच्या आसपास. एका बाराकुडाच्या वयस्क मालकाने बाबांना दार उघडून दाखवलं. दाराचा पत्रा अॅसिडमध्ये बुडवून पातळ केलेला, अंगठ्याने दाबला तर आत जातो. बॉनेट आणि पुढचे फेंडर फायबरग्लासचे. काच वर-खाली करायला हँडल नाही, एक पट्टा ओढायचा. मागची सीट नाही, हीटर नाही, रेडिओ नाही. कागदावर ४२५ अश्वशक्ती, आणि आज याच जातीच्या गाड्या साडेआठ सेकंदांच्या आसपास पाव मैल कापतात. मालकाशी बोलायला लाजू नका. गाडीबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, पुढचा अर्धा तास ते आपणहून सांगतात. मात्र गाडीला हात लावण्याआधी विचारा.

ज्यांना आजच्या गाड्यांत रस आहे त्यांनी फॅक्टरी स्टॉक शोडाउन चुकवू नये. कोपो कमॅरो, कोब्रा जेट मस्टँग आणि ड्रॅग पॅक चॅलेंजर, तिन्ही कारखान्यातूनच रेससाठी आलेल्या, सुपरचार्जर लावलेल्या, पुढची चाकं हवेत उचलत पावणेआठ सेकंदांच्या आसपास पाव मैल. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग रेस पाहिलेल्यांना हा वर्ग सगळ्यात जवळचा वाटेल.

स्टँडमध्ये बसायचं तेव्हा सुरुवातीच्या रेषेजवळ, पण वरच्या रांगेत बसा. खालून समोरची गाडी मध्ये येते आणि दिवे दिसत नाहीत. हे दिवे, ख्रिसमस ट्री, नीट समजून घ्या. वरचे छोटे दिवे गाडी रेषेवर आल्याचे. व्यावसायिक वर्गांत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. बऱ्याच हौशी वर्गांत ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक करत खाली उतरतात. आधी सुटलात की लाल, खेळ संपला. हौशी वर्गांत अनेकदा मंद गाडीला आधी सोडतात, त्यामुळे एक गाडी निघून गेली तरी दुसरी का थांबलीय असा गोंधळ होऊ देऊ नका. मोबाइलवर यातलं काही नीट उतरत नाही, आवाज तर फाटतोच. निदान पहिली जोडी मोकळ्या डोळ्यांनी बघा.

एकच दिवस जमणार असेल तर पात्रता फेऱ्यांचा दिवस निवडा, त्यातही संध्याकाळी नायट्रो गाड्या धावणार असतील तो. अंधार पडता पडता एक्झॉस्टमधून उभ्या ज्वाळा दिसतात, त्या उन्हात जवळजवळ दिसतच नाहीत. अंतिम फेऱ्यांच्या दिवशी थरार जास्त, पण दर फेरीला गाड्या निम्म्या होत जातात: सोळा, आठ, चार, दोन. वेळापत्रक वर्षागणिक बदलतं, ते पाहूनच तिकीट काढा.

ऊन कडक असतं आणि हवा दमट, अगदी पुण्याच्या ऑक्टोबर हीटसारखी नाही, मुंबईच्या जवळची. टोपी, भरपूर पाणी, बंद बूट. पाऊस आला तर सगळं थांबतं, कारण ओल्या पट्टीवर या गाड्या सोडताच येत नाहीत, आणि थांबल्यावरही वाळवायला तास-तास जातात. १९५५ च्या पहिल्याच स्पर्धेला पावसाने असं गाठलं की शेवटच्या फेऱ्या नोव्हेंबरात अॅरिझोनात उरकाव्या लागल्या. म्हणून परतीचं विमान त्याच रात्रीचं ठेवू नका. शाकाहारी माणसाचं स्टॉलवर फ्राइज, मका आणि लिंबू सरबत यांवर भागतं. आम्ही मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी नेली होती. बाहेरचं किती आत नेता येतं ते त्या वर्षीच्या नियमांत बघून घ्या. राहायला ब्राउन्सबर्ग आणि स्पीडवेजवळची हॉटेलं फार आधी भरतात. विमानतळाकडे, प्लेनफिल्डला, जागा मिळते. हाताशी आणखी एक दिवस असेल तर इंडियानापोलिस मोटर स्पीडवेचं संग्रहालय इथून गाडीने जवळच आहे.

शेवटची फेरी झाली की लगेच पार्किंगकडे धावू नका, तासभर तरी गाड्या हलत नाहीत. पुन्हा पिटमध्ये जा. संघ सामान आवरत असतात, माणसं मोकळी असतात, आणि काही संघांच्या दुकानांत वापरून टाकलेले पिस्टन, रॉड विकायला असतात. बाबांनी एक पिस्टन घेतला, डोक्यावर कडेला वितळलेला. विमानात तो हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत अडकायची शक्यता असते. मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा, आणि आधी डिटर्जंटने धुऊन इंधनाचा वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस उन्हात ठेवा.