कुकरची शिट्टी

रविवारी दुपारी आई झोपली आहे असं समजून मी बोल्ट थ्रोअर हा बँड लावला. दोन मिनिटांत ती दारात. "अरे, कुकरची रिंग गेली का?"

गाणं आहे म्हटलं. तिने कान दिला. "काय म्हणतोय तो?"

डेथ मेटल म्हणजे घशातून गुरगुरत गायचं संगीत. ते ऐकणाऱ्याला हा प्रश्न विचारू नये. शब्द कागदावर घेऊन बसल्याशिवाय मलाही कळत नाहीत. "लढाईचं आहे," मी म्हणालो.

"मग पोवाडा लाव की," म्हणत ती चहा टाकायला गेली.

पण पोवाड्यात माणसाला नाव असतं, गाव असतं. इथे सगळे बिननावाचे, पाय ओढत चाललेले. बँड १९८६चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी भाजून काढलं ते शहर. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंती अजून बिनछपराच्या उभ्या आहेत. आता, या पोरांनी बँडचं नाव उचललं ते वॉरहॅमर नावाच्या खेळातून, ही गोष्ट वेगळी.

मला आवडते ती यांची चाल. स्वीडनच्या मारदुक या बँडने १९९९मध्ये अख्खा अल्बम रणगाड्याच्या नावाने काढला. अर्धा तास नुसता सुसाट. रणगाडा एवढा पळतो कुठे? बोल्ट थ्रोअर चिखलातून भरलेली बैलगाडी काढावी तसे वाजवायचे.

२००५चा 'दोज वन्स लॉयल' हा त्यांचा शेवटचा अल्बम. कव्हरवर लंडनच्या तोफखाना स्मारकातले दगडी सैनिक. ते घडवणारा चार्ल्स जॅगर पहिल्या महायुद्धात स्वतः लढलेला, जखमी झालेला.

तो दगड पाहिला की मला आजोळची चावडी दिसते. भिंतीत एक संगमरवरी पाटी होती, इंग्रजीत. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, १९१४ ते १९१९, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे तोवर तो फक्त स्टंप होता. चेंडू भिंतीला लागला तर थप्प, पाटीला लागला तर टक्क. आउटवरून भांडण नाही. आजी ओरडायची, "मेल्यांनो, बसऱ्याला गेलेल्यांची पाटी आहे ती!" कोण गेले होते, तिलाही माहीत नव्हतं. मराठा पलटणी १९१६मध्ये बसऱ्याच्या पुढे, आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या, हे मी फार उशिरा वाचलं.

परवा गेलो होतो. चावडीला रंग देताना पाटी झाकायची कुणाला सुचत नसावी. किती गेले तो आकडा दिसतो. किती परत आले नाहीत, तिथे चुन्याचे थर. नखाने खरवडत होतो, तर मागून एक पोरगं ओरडलं, "ओ काका, बाजूला व्हा ना, स्टंप आहे तो!"