सेबुआनो शिकायची तर मराठीतून

फिलिपिन्सला जायचं म्हटलं की सगळे एकच सांगतात, तिथे इंग्रजीवर भागतं. सेबू शहरात भागतंही. पण कार्बोन मार्केटमध्ये शिरलं की कानावर सगळीकडून दुसरीच भाषा येते. सरकारी कागदावर आणि पुस्तकांत ती सेबुआनो. बोलणारे मात्र तिला बिसाया किंवा बिनिसाया म्हणतात. सेबू, बोहोल, नेग्रोसचा पूर्व भाग, लेतेचा पश्चिम भाग आणि मिंदानाओचा मोठा पट्टा, असा तिचा पसारा. बोलणारे दोन कोटींहून जास्त. मनिलाची तागालोग वेगळी, ही वेगळी.

जाण्याआधी मी इंग्रजीतून लिहिलेली एक-दोन प्राथमिक पुस्तकं चाळली होती. त्यांत पानोपानी इशारे होते: इथे गोंधळ होईल, हे तुमच्या भाषेत नाही. सेबूत राहून रोज थोडं थोडं बोलायला लागले तसं लक्षात येत गेलं, की यातलं बरंचसं आपल्याकडे आहे. इंग्रजीत नसेल, मराठीत आहे.

सगळ्यात आधी 'आपण' आणि 'आम्ही'. मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. "आपण जेवूया" म्हटलं की समोरचाही पंगतीत. "आम्ही जेवतो" म्हटलं की तो बाहेर. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीतही 'हम'वर काम चालतं. सेबुआनोत अगदी आपल्यासारखे दोन: 'किता' म्हणजे आपण, 'कामि' म्हणजे आम्ही. बोलताना त्यांचे आखूड होऊन 'ता' आणि 'मि' होतात. गेस्ट हाऊसमधल्या मावशी दुपारी हाक मारायच्या, "माङाओन ता!" चला, जेवूया. त्या 'ता'मध्ये मी धरलेली आहे हे मला ऐकताक्षणी कळायचं. तिथेच उतरलेला एक युरोपियन मुलगा मात्र रोज वहीत बघून 'ता' की 'मि' ठरवायचा.

दुसरी गोष्ट मोठी आहे, तिच्यावर जरा थांबते. या भाषेच्या क्रियापदाला उपसर्ग-प्रत्यय लागतात आणि वाक्यात महत्त्वाचं कोण, ते त्यांवरून ठरतं. 'पालित' म्हणजे विकत घेणे. "मिपालित को ओग मांगा", मी आंबे घेतले, कुठलेतरी. इथे भर घेणारीवर. आता तोच आंबा ठरावीक असला, समोर दिसणारा, तर वाक्य फिरतं: "गिपालित नाको आङ मांगा." आता मुख्य झाला आंबा. 'आङ' ही खूण त्याच्याआधी येऊन उभी राहिली, आणि 'को'चं झालं 'नाको'.

इंग्रजी पुस्तकं याला कर्मणी म्हणतात आणि लगेच वाचकाला घाबरवतात, कारण इंग्रजीत कर्मणी प्रयोग म्हणजे आडवळणाचा, कचेरीतला. आपण तर दिवसभर कर्मणीतच बोलतो. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारी मीच, तरी क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, ते खाल्लेल्या वस्तूमागे जातं. नाव घेतलं तर पेद्रोने आंबा घेतला. हेच सेबुआनोत "गिपालित नि पेद्रो आङ मांगा." आपलं 'ने' नावाच्या नंतर, त्यांचं 'नि' नावाच्या आधी. दोन्हींचं नातं काही नाही, पण लक्षात ठेवायला इतकं सोयीचं की मला ते पाठ करावंच लागलं नाही.

फरक एवढाच की मराठीत हे मुख्यतः भूतकाळात होतं, सेबुआनोत सगळीकडे. उद्या घेणार असेन तरी "पालितोन नाको आङ मांगा" म्हणता येतं. शिवाय तिथे आणखी दोन वाटा आहेत. मुलासाठी आंबे घेतले आणि मूल महत्त्वाचं असेल तर "गिपालितान नाको ओग मांगा आङ बाता". पैशाबद्दल बोलायचं, की हे पैसे मी आंब्यांत घालणार, तर "इपालित नाको ओग मांगा आङ क्वार्ता". क्रिया एकच, पण 'आङ' आंब्यावरून मुलाकडे, मुलावरून पैशाकडे सरकतो आणि त्याबरोबर क्रियापद बदलतं. ही रचना मला फार सुंदर वाटते. कुणाबद्दल बोलायचं ते आधी ठरवायचं आणि मग तोंड उघडायचं, अशी सवयच ही भाषा लावते.

वाक्यात क्रियापद पहिलं येतं. घेतले, मारियाने, मासे, बाजारात: "मिपालित सि मारिया ओग इसदा सा मेरकादो." आपलं क्रियापद शेवटी येतं हे खरं, पण ओव्या-अभंग ऐकत वाढलेल्या कानाला ते आधी आलेलं खुपत नाही. आपले विभक्तिप्रत्यय नामाला मागून चिकटतात, त्यांच्या खुणा पुढून येतात. माणसाचं नाव असेल तर 'सि', बाकी ठरावीक काही असेल तर 'आङ', अनिश्चित असेल तर 'ओग', ठिकाण असेल तर 'सा'. 'उग' म्हणजे आणि. पुष्कळ लोक दोन्ही 'उग'च लिहितात, म्हणून पाटी वाचताना संदर्भ बघावा लागतो.

लिंगाची कटकट नाही. तो, ती, ते, तिन्हींना 'सिया'. मान देणारं 'तुम्ही'ही नाही. लहानथोर सगळ्यांना 'का'. आदर येतो तो हाकेतून. वयाने मोठ्या बाईला 'नाङ', मोठ्या माणसाला 'नोङ'. मला बाजारात सगळ्या 'दाय' म्हणायच्या, घरातल्या मुलीला म्हणावं तसं. "तागा-आसा का, दाय?" कुठली गं तू? "तागा-इंडिया को." मधे 'आहे' लागत नाही, "हे माझं घर" म्हणताना आपल्यालाही लागत नाही.

कार्बोनमध्ये 'पुसो' विकणाऱ्या एका नाङकडे मी रोज जायचे. पुसो म्हणजे नारळाच्या पातीच्या विणलेल्या पिशवीत शिजवलेला भात. घडच्या घड टांगलेले असतात. "नाआ बा मोय पुसो, नाङ?" आहे का पुसो? उत्तरात एक बारीक शब्द असायचा आणि सगळा अर्थ त्यात. 'नाआ पा', अजून आहे. 'वाला ना', संपला. सकाळी लवकर गेलं तर 'वाला पा', अजून आला नाही. आणि मी दिसले की लांबूनच 'नाआ ना!', आला, ये. 'ना' म्हणजे झालं, 'पा' म्हणजे अजून. नकारही आपल्यासारखेच वाटून दिलेले. नसणं आणि न घडलेलं यासाठी 'वाला', करणार नाही किंवा तसं नाही यासाठी 'दिलि', आणि नको, करू नकोस यासाठी 'आयाव'. "आयाव काबालाका" हे तर तिथे सतत कानावर पडतं: काळजी करू नकोस.

जीपनी, म्हणजे तिथली वडाप जीप, थांबवायला "लुगार लाङ!" म्हणायचं. मनिलात मात्र 'पारा' म्हणतात.

सेबूजवळच्या माक्तान बेटावर तिथल्या जुन्या सरदाराचं, लापु-लापुचं स्मारक आहे. 27 एप्रिल 1521 रोजी याच बेटावर त्याच्या लोकांशी लढताना पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन मारला गेला. त्याच्यासोबतच्या अंतोनियो पिगाफेत्ताने सेबूतले शब्द कागदावर उतरवून ठेवले होते. या भाषेची परदेशी माणसाने केलेली ती फार जुनी नोंद. स्मारकाजवळच्या खानावळींत 'सुतुकिल' मिळतं. नावात तीन क्रिया आहेत: सुग्बा म्हणजे निखाऱ्यावर भाजणे, तुवा म्हणजे पातळ रस्सा, किलाव म्हणजे कच्चा मासा व्हिनेगरमध्ये मुरवणे. मासा बोटाने दाखवायचा आणि क्रियापदाला 'आ' जोडून सांगायचं. "सुग्बाहा किनि", हा भाज. "किलावा किनि", याचं किलाव कर. आज्ञार्थाचा याहून चविष्ट धडा मला ठाऊक नाही.

उच्चारात अडण्यासारखं एकच आहे, तेही आपल्या मुळाक्षरांत बसलेलं. ङ. शाळेत क-ख-ग-घ नंतर आपण तो म्हणतो, आणि पुढे त्याने सुरू होणारा शब्द आयुष्यात भेटत नाही. सेबुआनोत भेटतो. 'ङालान' म्हणजे नाव, 'ङानो' म्हणजे का. विशेषण-नाम जोडणारा 'ङा' तर पावलोपावली. 'माआयोङ बुन्ताग', शुभ सकाळ, यातला शेवटचा ङ तोच. शहरातले लोक मधला 'ल' गिळतात हेही सांगून ठेवते. 'वाला'चं 'वा', 'बालाय' म्हणजे घर, त्याचं 'बाय'.

बोटीने तागबिलारानला, म्हणजे बोहोलला उतरले आणि पुन्हा कान टवकारले. सेबूतला 'य' तिथे 'ज' होतो. माआयोचं 'माआजो', काआयोचं 'काआजो'. यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी करणाऱ्या भाषेतून आलेलीला यात परकं काय वाटणार? लोबोक नदीकाठच्या दुकानात मी मुद्दाम 'लामि काआजो', फार छान चव, असं ज लावून म्हटलं. दुकानदारीणबाई खूश झाल्या आणि पुढचा सगळा वेळ माझ्याशी बोहोलच्या बोलीतच बोलल्या. त्यातलं निम्मं मला समजलं. उरलेल्या निम्म्यासाठी आता 1930 साली सुरू झालेल्या 'बिसाया' नियतकालिकाचे अंक जमवते आहे, आणि समासात मराठीतूनच टिपणं काढते आहे.