पांढरी बाराबंदी, आठ जीबीचा लॅपटॉप आणि एडिटिंगचा खर्च

यंदा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, माझ्याकडं पहिल्यांदाच स्वतःचा कॅमेरा होता. सेकंड हँड कॅनन 1500डी, सोबत 18-55 ची किट लेन्स, दोन वर्षं सुट्टीत लग्नाच्या ऑर्डरीवर हेल्पर म्हणून लाइट धरून साठवलेल्या पैशातून घेतलेला. अक्षतेच्या दिवशी, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या दिवशी, सकाळीच जाऊन तो जिथं होतो त्या संमती कट्ट्याच्या बाजूला जागा धरली होती. ज्यांनी अक्षता बघितलीय त्यांना सांगायला नको, दुपारचं रणरणतं ऊन, सातही नंदीध्वज समोर, आणि जिकडं बघाल तिकडं पांढरी बाराबंदी घातलेली माणसं. सत्यम सत्यम दिड्डम दिड्डमचा गजर चालू झाला आणि हजारो हात एकदम वर गेले, मी फक्त बटण दाबत राहिलो.

घरी येऊन कार्ड लावलं तर जेपेगमध्ये निम्म्या बाराबंद्या नुसत्या पांढऱ्या ठिपक्यासारख्या. कापडाची चुणी नाही, नाड्या नाहीत, काही नाही. चेहरे उलट काळे. पण एका सिनियरनी आधीच सांगून ठेवलं होतं की रॉ पण चालू ठेव, म्हणून प्रत्येक फोटोची रॉ फाइल होती. आणि तिथूनच माझा हा सगळा शोध चालू झाला की रॉ उघडायची कशात, आणि ते परवडणार कसं.

ज्यांना रॉ म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याची रॉ 14 बिटची, म्हणजे 16,384 पायऱ्या. जेपेग बनवताना कॅमेरा स्वतःच ठरवतो की हे पांढरं, हे काळं, आणि बाकीचं टाकून देतो. रॉमध्ये ते टाकलेलं नसतं, म्हणून बाराबंदीच्या चुण्या परत काढता येतात. अर्थात जिथं सेन्सरच पूर्ण भरून गेलाय तिथं कुठलंही सॉफ्टवेअर काही आणू शकत नाही, महागडं पण नाही. हे मला आधी कळलं असतं तर मी एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड, थोडं खाली ठेवून काढलं असतं, पुढच्या वर्षी तेच करणार.

तर सॉफ्टवेअर. होस्टेलवरच्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "कशाला टेन्शन घेतो बे, माझ्याकडं पेनड्राइव्हमध्ये सगळं आहे, फुल व्हर्जन." आमच्याकडं जवळपास सगळे असंच वापरतात, कुणाला त्यात चुकीचं पण वाटत नाही, आणि मलाही तेव्हा वाटलं नाही. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं, केला. दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर सगळ्या फाइलींच्या नावापुढं विचित्र अक्षरं लागलेली, एकही उघडेना, आणि एक नोट, पैसे भरा म्हणून. अक्षतेच्या रॉ सुदैवानं कार्डात तशाच होत्या कारण मी कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं. पण बहिणीचा बारावीचा प्रोजेक्ट गेला, आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो गेले. ते फोटो दुसरीकडं कुठंच नव्हते. मी ते अजून विसरलेलो नाही, आणि म्हणून हे लिहितोय, की ज्या मुलांच्या हातात आत्ता असा पेनड्राइव्ह आहे त्यांनी तो लावू नये. अशा फुकटच्या चोरीच्या फुल व्हर्जनमधून, म्हणजे क्रॅकमधून, असे व्हायरस पसरणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि अँटिव्हायरस बंद करा असं जिथं लिहिलंय तिथंच थांबायचं.

मग विकत घ्यायचं म्हणून बघायला लागलो. फोटोशॉप आणि रॉ एडिट करायचं लाइटरूम, दोन्ही अडोबी कंपनीची, पूर्वी एकदाच पैसे देऊन मिळायचे, 2013 पासून अडोबीनं सबस्क्रिप्शनवर नेलं आणि लाइटरूमचं शेवटचं विकत मिळणारं व्हर्जन 2015 चं. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण ती पहिल्या वर्षी चांगली आणि नंतर रेट वाढतो. शिवाय दर महिन्याला पैसे कापले जातात म्हणून आपल्याला तो महिन्याचा प्लॅन वाटतो, पण बऱ्याचदा तो वर्षाचा करार असतो, मध्येच मोडला तर त्याची वेगळी फी. हे घ्यायच्या आधी नीट वाचा.

पण मला पैशापेक्षा दुसराच मुद्दा जास्त लागला. सबस्क्रिप्शन संपल्यावर लाइटरूम क्लासिकमध्ये तुमचे फोटो दिसतात, एक्सपोर्ट पण होतात, पण डेव्हलप, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद. म्हणजे मी तीन वर्षं कॉलेजमध्ये असताना जे काही एडिट करीन ते कॉलेज संपून नोकरी लागेपर्यंतच्या काळात, म्हणजे नेमके खिशात पैसे नसतात तेव्हा, मला हात लावता येणार नाही. पप्पा यंत्रमाग कारखान्यात आहेत, आठवड्याला पगार, काम कमी असलं की पगार कमी. आमच्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे जाणार म्हणजे काय हे मला माहिती आहे. म्हणून मी ठरवलं की पैसे थांबले तरी माझं काम माझ्या हातात राहिलं पाहिजे, आणि त्याच एका गोष्टीवर मी बाकीचं सगळं निवडलं.

मला सापडलं ते डार्कटेबल, रॉ उघडून एडिट करायचं सॉफ्टवेअर. 2009 पासून चालू आहे, पूर्ण फुकट, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, विंडोजवर पण चालतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला ते अजिबात आवडलं नव्हतं, कारण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जो फोटो चमकदार दिसतो तो इथं उघडल्यावर फिका, निस्तेज. मी दोन वेळा डिलीट केलं. नंतर कळलं की कॅमेऱ्यावर आपण बघतो तो रॉच्या आत लपलेला जेपेग असतो, कॅमेऱ्यानं आधीच कॉन्ट्रास्ट आणि रंग मारलेला. डार्कटेबल आपल्याला कच्चा माल देतं, रंगाई आपण करायची. एवढं डोक्यात बसलं आणि मग मजा यायला लागली.

माझी पद्धत अशी आहे, आधी एक्सपोजर मॉड्यूलनी (डार्कटेबलमधल्या प्रत्येक हत्याराला मॉड्यूल म्हणतात) चेहरे पाहिजे तेवढे उजळ करायचे, तेव्हा बाराबंदी आणखी जळाल्यासारखी दिसते पण घाबरायचं नाही, नंतर फिल्मिक किंवा सिग्मॉइड मॉड्यूल लावलं की उजळ भाग हळूहळू आत येतात. अक्षतेचा एक फोटो आहे माझा, एक आजोबा हात वर करून उभे आहेत आणि तांदळाचे दाणे हवेत आहेत. जेपेगमध्ये त्यांच्या खांद्यावर नुसता पांढरा डाग होता. फिल्मिक लावल्यावर खांद्यावरची नाडी, तिची गाठ, आणि बाहीवर पडलेला गुलालाचा पुसटसा ठसा, सगळं बाहेर आलं. मी तो फोटो झूम करून किती वेळ बघत बसलो मला माहीत नाही. रात्रीचे दोन वाजले होते आणि आई उठून आली, "झोप की आता," म्हणून.

यात मूळ फाइलीला हात लागत नाही. तुम्ही जे काय केलं त्याची एक छोटी एक्सएमपी फाइल फोटोशेजारी तयार होते, काही केबीची. रॉ आणि ती एक्सएमपी एवढं जपून ठेवलं की दहा वर्षांनी पण तुम्ही तिथून पुढं काम करू शकता. एका फोटोवर केलेलं एडिट कॉपी करून बाकी पन्नास फोटोंवर पेस्ट करता येतं, आणि अक्षतेसारख्या ठिकाणी एकाच उन्हात तीनशे फोटो काढलेले असतात तेव्हा यानं दिवस वाचतो.

त्रास पण सांगतो. माझा लॅपटॉप आय थ्री, आठ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे घालवणारं मॉड्यूल, चालू केलं की प्रत्येक स्लायडरला थांबावं लागतं, म्हणून ते मी सगळ्यात शेवटी चालू करतो, मग एक्सपोर्टला लावून जेवायला जातो. मॉड्यूल एवढी आहेत की नवीन माणूस हरवतो, त्यातली सात-आठच लागतात. आणि अगदी नवीन मॉडेलचा कॅमेरा असेल तर त्याचा सपोर्ट यायला वेळ लागू शकतो, कारण नवीन व्हर्जन साधारण वर्षातून दोनदा येतं. सेकंड हँड कॅमेरावाल्यांना हा प्रश्न सहसा येत नाही.

डार्कटेबल जमलंच नाही तर रॉथेरपी बघा, तेही फुकट. आणि कॅननवाल्यांनो, कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं, डाउनलोडला कॅमेऱ्याचा सिरियल नंबर लागतो, नुसते सरळ साधे रंग पाहिजे असतील तर ते सगळ्यात सोपं, कॅमेऱ्यात जसे दिसले तसेच रंग येतात. निकॉनवाल्यांसाठी तसंच निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. कॅमेरा घेतला की एवढी गोष्ट फुकट मिळते आणि आमच्या ग्रुपमध्ये दहातल्या आठ जणांना माहीतच नव्हती!

ही झाली रॉची गोष्ट. लेअर (एकावर एक थर ठेवून काम), कटिंग, मागची वायर काढून टाकणं, यासाठी गिंप, फोटोशॉपसारखंच पण फुकट. हे बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये चालू केलं होतं, म्हणजे आपल्यासारख्याच कॉलेजच्या पोरांनी, हे मला फार आवडतं. 2025 मध्ये तीन पॉइंट झिरो आलं, त्यात फिल्टर लावल्यावर नंतर पण बदलता येतात, पूर्वी एकदा लावला की बसला. गिंप स्वतः रॉ उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी असेल तर त्यांच्याकडून घेतं, त्यामुळं दोन्ही ठेवायची.

लग्नाच्या स्टुडिओत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी, तिथं अल्बमचं डिझाइन पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलीत, येतं. त्यासाठी मी फोटोपी वापरतो, ब्राउझरमध्ये उघडतं, दिसायला फोटोशॉपसारखंच, शॉर्टकट पण तेच, बाजूला जाहिराती येतात एवढंच. फाइल कुठं अपलोड होत नाही, आपल्याच मशीनवर काम चालतं, त्यामुळं गिऱ्हाइकाचे फोटो बाहेर गेले अशी भीती नाही. मोठी पीएसडी असली की माझा लॅपटॉप दम टाकतो पण हेडिंग बदलून दे, फोटो सरकवून दे एवढं होतं. अफिनिटी हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर पण आहे, ते पूर्वी विकत मिळायचं, 2024 मध्ये कॅनव्हानं ती कंपनी घेतली आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये फुकट केलं, फक्त कॅनव्हाचं अकाउंट लागतं आणि एआयच्या गोष्टींना पैसे. वापरायला गिंपपेक्षा गोड आहे हे मान्य. पण ते ओपन सोर्स नाही, कंपनीचं मन उद्या बदललं तर काय, म्हणून मी त्यात सेव्ह केलेल्या प्रत्येक कामाची टिफ कॉपी, जी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण उघडते, वेगळी काढून ठेवतो.

लॅपटॉपच नाही अशी पण पोरं आहेत आमच्यात. त्यांच्यासाठी स्नॅपसीड, फोनवर फुकट आणि पुरेसं चांगलं.

आता कारखान्याची गोष्ट सांगतो कारण तिथं मला सॉफ्टवेअरचं खरं काम कळलं. पप्पांच्या मालकांनी एक दिवस आत फोटो काढू दिले. अशोक चौकाच्या पुढं, जुनं शेड, वर ट्यूबलाइट, एका पत्र्यातून ऊन येतंय, हवेत कापसाचा कचरा उडतोय, मागांचा आवाज एवढा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. फोटो सगळे हिरवट पिवळे आले. जेपेगवर रंग सुधारायला गेलो तर कातडी जांभळी व्हायला लागली. रॉमध्ये व्हाइट बॅलन्सचा पिकर (कुठलं पांढरं धरायचं ते दाखवणारं हत्यार) घेतला आणि मागावरच्या न रंगवलेल्या पांढऱ्या सुतावर ठेवला, आणि एका क्लिकमध्ये पप्पांचा चेहरा पप्पांसारखा दिसायला लागला. चादरीतला लाल पण बरोबर लाल. ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी हे करून बघा, सूत हेच आपलं ग्रे कार्ड, म्हणजे फोटोग्राफर रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड.

एक गोष्ट मात्र कशानंच सुधारली नाही. काही फोटोत आडवे काळे पट्टे आले होते. आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि मी मागावर धावणारा धोटा फोटोत स्थिर यावा या नादात शटर 1/500 सेकंदावर नेलं होतं. अशा उजेडात 1/100 किंवा 1/50 ठेवायचं. ते फोटो मी परत जाऊन काढले.

सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे मी एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये घातले. एक रॉ फाइल साधारण 25-30 एमबी, एका गड्ड्यात 40 जीबी होतात. आता सगळं दोन ठिकाणी असतं, हार्डडिस्क काम झालं की काढून कपाटात.

परवा तोच होस्टेलवाला मित्र आला होता, त्यालाही आता रॉ शिकायचीय. मी त्याचाच तो जुना पेनड्राइव्ह घेतला, पूर्ण फॉरमॅट केला, आणि डार्कटेबल, रॉथेरपी, गिंप तिन्हीचे इन्स्टॉलर त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवरून ताजे उतरवून त्यात टाकून दिले. यांचं लायसन्सच असं आहे की कॉपी करून कुणालाही द्यायला मोकळीक आहे. तो विचारत होता, "अँटिव्हायरस बंद करू का बे?" म्हटलं, चालूच ठेव.