आंबा घाट चढल्यावर पडणारा तेलाचा काटा: जुन्या एमजीबीचं ऑइल प्रेशर परत आणताना

गाडी १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगचं (ज्यांवर क्रँकशाफ्ट फिरतो ती बेअरिंग). रत्नागिरीहून सकाळी निघताना तेलाच्या दाबाचा काटा ६५ पाउंडांवर (दर चौरस इंचाला) असायचा. साखरपा सोडून आंबा घाट चढून आलं की स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ८, आणि ३००० आरपीएमला जेमतेम ३२. या इंजिनाला गरम झाल्यावर पळताना ५० ते ८० आणि स्लोवर १० ते २५ पाउंड हवेत. थंड असताना तेल दाट असतं, त्यामुळे झिजलेलं इंजिनही सकाळी छान आकडा दाखवतं. खरं रीडिंग घाटमाथ्यावरचं.

आधी गेज तपासलं. ब्लॉकवरच्या युनियनला हायड्रॉलिकच्या दुकानातून आणलेलं ० ते १०० पाउंडांचं गेज जोडलं. डॅशवरचं गेज २ पाउंड कमी दाखवत होतं, म्हणजे रोग खरा होता. याच वेळी ब्लॉक आणि गेजच्या नळीमधला रबरी होज बदलून टाकावा. तो जुना होऊन फुटला तर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं तेल काही मिनिटांत रस्त्यावर जातं.

मग डिपस्टिकचा वास घेतला. एसयू कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. इथे तसं नव्हतं. तरी २०डब्ल्यू-५० मिनरल तेल नवीन भरलं, फिल्टरसह सव्वाचार लिटर. फरक १-२ पाउंडांचा.

त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की उघडून जादा तेल सोडणारी झडप. ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, घुमटी नटाखाली. प्लंजरच्या (झडपेतल्या दट्ट्याच्या) बसण्याच्या कडेवर एक ओरखडा होता. बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर घासून बसवला आणि पेस्टचा कणही राहू न देता सगळं धुतलं. स्प्रिंग मोकळी ७६.२ मिमी लांब हवी, ती होती. ३ पाउंड वाढले.

इथे बरेच जण स्प्रिंगखाली वॉशर घालतात. कृपा करून घालू नका. हा व्हॉल्व्ह ७० पाउंडांच्या आसपास उघडतो. ८ पाउंडांवर तो बंदच असतो, मग स्प्रिंग कडक करून गरम स्लोचं प्रेशर वाढणार कुठून? वाढतं ते फक्त थंड इंजिनाचं, आणि ताण पंपाच्या ड्राइव्हवर येतो. पंप तेल ढकलतो एवढंच. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीतून तेलाला बाहेर पडायला अडथळा होतो म्हणून. फट रुंदावली की तेल सहज गळतं आणि काटा पडतो.

म्हणून इंजिन चेनपुलीवर काढलं. बिगेंडची (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो त्या टोकाची) एक बेअरिंगची वाटी हातात घेतली: कडेला करडा थर शाबूत, मधोमध तांब्याचा लालसर पट्टा उघडा, आणि त्यात नखाला लागेल अशी एक खोल रेघ. प्लॅस्टिगेजची (फट मोजायची, चेपणारी प्लॅस्टिकची) काडी क्रँकपिनवर ठेवून कॅप ४० फूट-पाउंडांना आवळली, क्रँक न हलवता परत उघडली. चेपलेल्या काडीची रुंदी सांगत होती साडेतीन थाऊ. हवी १ ते २.७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पंपही फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजला: रोटरच्या पाकळ्यांमध्ये ६ थाऊ, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांत १० थाऊ, आडवा खेळ ५ थाऊ, या कमाल मर्यादा. पाकळ्यांत ८ निघाले. पंप नवीन घेतला.

क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात नेला, १० थाऊ अंडरसाइज (घासून तेवढा बारीक) करून घेतला. ग्राइंडिंगहून आलेला क्रँक कितीही चकचकीत दिसला तरी तेलाच्या भोकांत घासणीची भुकटी बसलेली असते. तारेचा ब्रश घालून रॉकेल आणि हवेच्या झोताने प्रत्येक भोक धुवायचं, पांढरं फडकं काळं होणं थांबेपर्यंत. हे टाळलं तर नव्या वाट्या पहिल्याच दिवशी खरवडल्या जातात. मी तीनदा धुतलं. कॅमच्या बेअरिंगकडे आणि रॉकर शाफ्टकडेही (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर हलतात तो वरचा दांडा) बघावं. शाफ्ट खालच्या बाजूने झिजतो आणि वरचं तेल तिथेच सांडतं. मेन कॅप ७० फूट-पाउंडांना आवळल्या, दर कॅपनंतर क्रँक हाताने फिरतो का ते पाहिलं.

बसवताना पंपात व्हॅसलीन भरलं, म्हणजे कोरडा पंप लगेच तेल ओढतो. प्लग काढून सेल्फ मारला. १० सेकंद मारून थोडं थांबायचं. चौथ्या वेळी काटा हलला, तो ४० ला पोचल्यावरच प्लग लावले. ८०० किमीला तेल आणि फिल्टर पुन्हा बदलले.

आता आंब्याला पोचल्यावर स्लोवर २०, ३००० ला ५८.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी एक. गाडी चार महिने उभी राहणार असेल तर जूनआधी तेल बदलून ठेवा, जुन्या तेलातली आम्लं वाट्यांना खातात. आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. इंजिन तापत नाही, आत वाफेचं पाणी होतं आणि फिलर कॅपखाली ताकासारखा पांढरा चिखल धरतो. चालवायची तर उघडीप बघून २०-२५ किमी तापवून आणा, नाहीतर हात लावू नका. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्यांदा चालू करताना प्लग काढूनच सेल्फ मारा.